मॅलमच्या माळावरचा गडगा

पहिला अख्खा दिवस आमचा भिंत पाडण्यात गेला.

तशी ती आधीच पडली होती. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या मॅलमडेल या खोऱ्यातलं एका मेंढपाळाचं कुरण, चढावर गेलेली चुनखडीच्या दगडांची भिंत आणि तिच्या मधोमध चार मीटरचं खिंडार. दगड दोन्ही अंगांना घरंगळून गवतात रुतलेले. इथे अशा खिंडाराला ‘गॅप’ म्हणतात आणि ते पुन्हा उभं करायच्या कामाला ‘गॅपिंग’. शेतकऱ्याने तात्पुरत्या फळ्या आडव्या बांधल्या होत्या. मार्चचा दुसरा आठवडा होता. डोंगराकडच्या मेंढ्या एप्रिलमध्ये वितात, त्याआधी त्याला खिंडार बुजलेलं हवं होतं. आणि आम्हा सहा जणांना दोन दिवसांत सुकी भिंत बांधायला शिकायचं होतं. सुकी म्हणजे चुना नाही, सिमेंट नाही, मातीसुद्धा नाही. नुसता दगड.

मला वाटलं होतं, पडलेले दगड गोळा करायचे आणि चढवायला लागायचं. आमचे शिक्षक सत्तरी ओलांडलेले, उभा जन्म याच कामात घालवलेले. ‘नाउ देन’ म्हणून त्यांनी सगळ्यांना रामराम केला (यॉर्कशरमध्ये हा नमस्कार आहे) आणि खिंडाराच्या कडेची उभी भिंत तळहाताने दाबत पुढे निघाले. एका जागी थांबले. तिथे भिंतीला पोट सुटलं होतं. मला ते दिसलंच नसतं. त्यांनी गाल भिंतीला लावून एक डोळा मिटायला सांगितलं, तेव्हा कुठे फुगवटा दिसला. “इथपर्यंत सगळं काढा,” ते म्हणाले. “आजारी भिंतीला टेकून नवी भिंत उभी राहत नाही.” चार मीटरचे साडेपाच झाले.

काढण्यालाही रीत आहे. अगदी वरचे, उभे लावलेले टोपीचे दगड आधी काढायचे आणि सगळ्यांत लांब मांडायचे, कारण ते सगळ्यांत शेवटी लागणार. मग भिंतीच्या आरपार जाणारे लांबट दगड, ज्यांना ‘थ्रू’ म्हणतात, ते वेगळे. मग रचाईचे दगड, लहान दूर आणि मोठे जवळ. मुठीएवढ्या आणि त्याहून लहान दगडांचे ढीग निराळे. भिंतीलगत मीटरभर वाट मोकळी ठेवायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी आपणच अडखळून पडतो. हे सगळं भिंतीच्या दोन्ही बाजूंना. संध्याकाळी चार वाजता कुरण असं दिसत होतं, की कुणीतरी दळणाचं धान्य निवडून पसरून ठेवलंय.

आणि पाडलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना उरलेल्या भिंतीचा छेद उघडा पडला होता. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. अण्णांनी दोन वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं.

मी स्किप्टनमध्ये राहते. नोकरी लीड्सला, आगगाडीने पाऊण तास. स्किप्टन हे नॉर्थ यॉर्कशरमधलं बाजाराचं गाव, आणि इंग्लंडमध्ये बाजाराचं गाव या शब्दाला वजन आहे. जुन्या काळी बाजार भरवायला राजाची सनद लागे. स्किप्टनला ती किंग जॉनने १२०४ साली दिली. गावाच्या नावाचा अर्थच मुळी मेंढ्यांचं गाव. अजूनही सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी हाय स्ट्रीटच्या कडेला, दुकानांपुढच्या दगडी फरसबंदीवर पाल ठोकून विक्रेते बसतात: भाजी, चीज, मासे, घोंगड्या, कुत्र्याचे पट्टे, विजेरीचे सेल. रस्ता वर चढत जातो आणि टोकाला चर्च आणि किल्ल्याचा दरवाजा. मेंढ्यांचे व्यवहार मात्र आता रस्त्यावर होत नाहीत; त्यांचा लिलाव गावाबाहेर गारग्रेव्हच्या वाटेवरच्या मार्टमध्ये होतो. पण लिलावाच्या दिवशी हाय स्ट्रीटवर चिखलाचे बूट आणि हातात काठी घेतलेली माणसं दिसतात, आणि आमच्याकडे तालुक्याच्या आठवडी बाजाराला खेड्यांतून माणसं उतरतात त्याची मला दर वेळी आठवण होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोकणात राजापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच देशाबाहेर पडले, ते माझ्याकडे जूनमध्ये. मी त्यांना सगळं दाखवलं. कालव्याच्या काठाने चाललो. लीड्स ते लिव्हरपूल असा १२७ मैलांचा हा कालवा, १७७३ साली स्किप्टनपर्यंतचा टप्पा पाण्याने भरला आणि पूर्ण व्हायला १८१६ साल उजाडलं. अण्णांनी ऐकून घेतलं. किल्ला पाहिला. इंग्लंडच्या यादवी युद्धात तीन वर्षं टिकून १६४५ च्या डिसेंबरात पडलेला, पुढे लेडी अ‍ॅन क्लिफर्ड या बाईने डागडुजी करून उभा केलेला. तिने १६५९ मध्ये लावलेलं यू जातीचं झाड आतल्या चौकात अजून आहे. अण्णांनी किल्ल्याच्या भिंतीवरून हात फिरवला आणि “चुन्यात बांधलाय” एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मॅलमला नेलं. मॅलम कोव्ह म्हणजे चुनखडीचा साधारण ८० मीटर उंचीचा सरळ कडा. लोक त्यासाठीच येतात. अण्णा कड्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर मधेच थांबले ते भिंतीपाशी. भिंतीत माणसापुरती चिंचोळी फट होती, खाली अरुंद, वर रुंद. माणूस जातो, मेंढी जात नाही. ते तिच्यातून जपून एकदा गेले, परत आले. “आपल्या बेड्यापेक्षा बरं. काढा-घालायची भानगड नाही.” बेडा म्हणजे आमच्याकडचं आडव्या दांड्यांचं फाटक. मग भिंतीला हात लावला आणि तो तिथेच राहिला.

“हा तर गडगा गो.”

गडगा म्हणजे कोकणात बागेच्या, वाडीच्या हद्दीला घालतात ती सुक्या दगडांची भिंत. गावच्या घरात मी अठरा वर्षं राहिले. गडग्यावरून उड्या मारल्या, गडग्यातल्या विंचवाला भ्याले, पावसाळ्यात त्यावर उगवणारं हिरवं मखमल नखाने खरवडलं. पण स्किप्टनला चार वर्षं आगगाडीच्या खिडकीतून डोंगरावर चढत गेलेल्या या रेघा पाहताना एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की हा गडगा आहे. आमचा जांभ्याचा, तांबडा आणि गुडघ्या-कमरेएवढा. यांचा पांढुरका आणि छातीपर्यंत. एवढाच काय तो फरक.

“मधे भर काय घालतात?” अण्णांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. भिंतीला मधे काही असतं हेच माहीत नव्हतं.

“दोन अंगं असणार. आपल्याकडे दोन्ही अंगांना मोठे धोंडे आणि मधे चिप्या. भर नीट नसली की दोन पावसाळ्यांत बसतो.” ते भिंतीत डोकावून बघत होते. जुलैच्या शेवटी ते परत गेले. त्यानंतर फोनवर तीनदा तरी त्यांनी विचारलं, “मग कळलं का, भर काय घालतात?” तिसऱ्यांदा विचारलं त्या रात्री मी शिकवणीसाठी नाव घातलं.

तर छेद. पायथ्याशी भिंत जवळजवळ ऐंशी सेंटिमीटर रुंद, वर निमुळती होत तिच्या निम्म्यावर आलेली. दोन स्वतंत्र भिंती एकमेकींकडे कललेल्या, आणि मधल्या पोकळीत गच्च बसवलेले लहान दगड. या भरीला ‘हार्टिंग’ म्हणतात. मी फोटो काढून अण्णांना पाठवला. भारतात रात्रीचे साडेनऊ-दहा झाले होते, तरी लगेच उत्तर आलं: “चिप्याच आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कुरणात पोचले तेव्हा गवतावर पांढरं दव होतं. शुक्रवारच्या बाजारातून जाड चामड्याचे हातमोजे घेतले होते, ते अर्ध्या तासात भिजले. आधी पाया. वरची माती काढून पहारीने पायाचे धोंडे हलवून पाहायचे, डुगडुगला की काढून खालची जमीन नीट करून पुन्हा बसवायचा. एकेक धोंडा दोघांनी ढकलायचा. इथे सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि सगळ्यांत कमी दिसलं.

मग दोन्ही टोकांच्या शाबूत भिंतीत लोखंडी पिना खोचून दोऱ्या ताणल्या, एक या बाजूला, एक त्या. थर चढला की दोरी वर घ्यायची. दोरीला दगड टेकता कामा नये. मधे कागद जाईल एवढी फट हवी. टेकला तर तो दोरीला ढकलतो आणि पुढचे सगळे दगड त्या खोट्या रेघेवर येतात.

नियम मोजकेच होते. एकावर दोन, दोनावर एक, म्हणजे खालच्या दोन दगडांचा सांधा वरच्या दगडाच्या पोटाखाली गेला पाहिजे. दगडाची लांबी भिंतीच्या आत जाऊ दे. लांबट दगड दर्शनी बाजूला आडवा लावला तर जागा भराभर भरते, पण तो नुसता चिकटवल्यासारखा राहतो आणि पहिल्यांदा तोच सुटतो. मोठे खाली, लहान वर. आतल्या बाजूला ढाळ देऊ नये, पाणी आत येतं. आणि उचललेला दगड परत खाली टाकायचा नाही. उचललाय तर त्याची जागा शोधायची.

हा शेवटचा नियम मला सगळ्यांत जड गेला. मी जागा बघायचे, मग तिच्या मापाचा दगड हुडकत फिरायचे, एक उचल, नको, दुसरा उचल, नको. तासाभरात पाठ भरून आली आणि भिंतीत माझे अकरा दगड. शिक्षक आले, त्यांनी माझ्या पायाजवळचा एक वेडावाकडा धोंडा उचलला, हातात दोनदा फिरवला आणि मी ज्या जागेकडे बघतही नव्हते तिथे ठेवला. तो हललासुद्धा नाही. “दगड आधी बघ, लव्ह. जागा आपोआप दिसेल.” इथे अनोळखी बाईलाही लव्ह म्हणायची पद्धत आहे. दुपारपर्यंत मला थोडं थोडं जमायला लागलं. प्रत्येक दगडाला एक तोंड असतं, जरा सपाट, बाहेर दाखवण्याजोगी बाजू. ती सापडली की बाकीचा दगड कसा बसणार हे हाताला कळतं. डोळ्यांना नंतर कळतं.

भिंत दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चढवायची असते. माझ्या समोर, पलीकडच्या अंगाला, कीथलीहून आलेली एक बाई होती, टपाल वाटायचं काम करून निवृत्त झालेली. आमच्यातली कुणी पुढे गेली की दुसरीने हात चालवायचा, कारण एक अंग उंच आणि एक खाली असं झालं तर भर घसरते. त्यामुळे दिवसभर आम्ही एकमेकींचे हात पाहत होतो. “माझ्याकडून एक मोठा आत येतोय,” ती सांगायची आणि मी माझ्या बाजूचा आखूड घ्यायचे. दुपारी भिंतीच्या आडोशाला बसून तिने पोर्क पाय खाल्ला, मी थालीपीठ. वाऱ्याच्या बाजूला उभं राहवत नव्हतं, आडोशाला कोट काढावा असं ऊन. मेंढ्या कडाक्याच्या थंडीत भिंतीला चिकटून का बसतात ते कळलं. भिंतीत फटी असल्यामुळे वारा थोडा आरपार गाळून जातो, म्हणून तो तिला पाडत नाही.

जेवताना शिक्षकांनी थ्रूंची गोष्ट काढली. या डोंगरांवरच्या सरळसोट लांब भिंती बहुतेक १७५० ते १८५० या शंभर वर्षांतल्या. तोवर वरची जमीन गावाची सामाईक होती, आपल्या गायरानासारखी. ज्याच्याकडे दोन मेंढ्या आणि एक गाय तोही तिथे चारू शकत होता. मग पार्लमेंटने गावागणिक कायदे करून ती वाटून दिली, आणि वाटणीपत्रात भिंत कशी हवी हेही लिहिलं. इथल्या जुन्या वाटणीपत्रातला एक मजकूर भिंत बांधणाऱ्यांना अजून पाठ असतो: पायथ्याला ३४ इंच रुंदी, सहा फूट उंची, आणि दर रूडला, म्हणजे सात यार्डांना, २१ थ्रू; त्यांतले १२ जमिनीपासून दोन फुटांवर आणि ९ चार फुटांवर. मजुरीही रूडवरच मिळे. ज्यांनी त्या बांधल्या त्यांची नावं राहिली नाहीत. आणि ज्यांची दोन मेंढ्यांची चराई गेली, त्यांचीही नाहीत.

हा सगळा भाग ज्यात येतो त्या यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यानात आज आठ हजार किलोमीटरच्या वर अशा भिंती आहेत असं सांगतात. पर्यटकांच्या कॅलेंडरवर त्या असतात, माझ्याही भिंतीवर एक लटकलंय. त्या दिवसानंतर त्याकडे बघताना मला दोन्ही दिसतं. ही फार देखणी गोष्ट आहे, आणि ती कुणाला तरी बाहेर ठेवायला बांधलेली आहे. त्यातलं एक विसरून दुसरं बोलणं मला खोटेपणाचं वाटतं.

रात्री हे अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, “म्हणजे वाटणीचाच गडगा.” आमचाही तसाच. आमच्या आणि चुलत घराच्या बागेमधला गडगा एका बाजूला सरकवला या आरोपावरून माझ्या लहानपणी कोर्टात गेलेलं प्रकरण अकरा वर्षं चाललं. दोन्ही घरांचं लग्नाकार्यात जाणं-येणं त्यात संपलं. अण्णा त्याबद्दल कधी बोलत नाहीत. त्या रात्री बोलले. “तो गडगा माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावाने मिळून घातलेला. उन्हाळ्यात. एका अंगाला हे, एका अंगाला ते. दोघांनी समोरासमोर उभं राहिल्याशिवाय गडगा होतच नाही, तुला आता माहीत झालंच.” मग थोड्या वेळाने, “वरती करवंदीच्या काट्या टाकल्या त्या मात्र आमच्या पिढीने.”

थ्रू गुडघ्याच्या वर आल्यावर बसवले. एकेक थ्रू दोन्ही अंगांना पकडून ठेवतो, जशी दोन पानं टाक्याने शिवावीत. आमच्या भिंतीला ते निघाले पाच. जुन्या बांधणाऱ्यांनीच काटकसर केलेली होती, आणि शिक्षकांच्या मते भिंत पडायला तेही एक कारण. बाकीची कारणं म्हणजे खालची जमीन थंडीत गोठून फुगणं, झाडाची मुळं, ससे, वरून चढून जाणारी माणसं. आणि भर खाली बसणं.

भरीचं काम कंटाळवाणं असतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. बादलीतून ओतायची नाही, फावड्याने लोटायची नाही. एकेक दगड हाताने, जमेल तेवढा मोठा, हलणार नाही असा खोचायचा. ती कुणालाही दिसत नाही. प्रत्येक थराला तोंडाचे दगड बसवण्याइतकाच वेळ तिला जातो. शिक्षक एकदाच आवाज चढवून बोलले, ते एका तरुणाने दोन ओंजळी खडी आत टाकली तेव्हा. “हे भरलं नाहीस तू. हे लपवलंस.”

माझी एक चूक त्यांनी पकडली. तीन थर एकाखाली एक सांधा आला होता, उभी भेग. काही न बोलता त्यांनी तळहाताची कड त्या भेगेवर ठेवली आणि पुढे गेले. मी नऊ दगड काढले, पुन्हा लावले.

दुसरी चूक कुणी पकडली नाही. पाच वाजत आले होते, पावसाचे थेंब सुरू झाले, बोटं वाकेनात. वरचे तीन थर राहिले होते आणि टोपीचे दगड. डाव्या टोकाला, जुन्या भिंतीला जोड देतो तिथे, मी तोंडाचे दगड घाईने बसवले आणि आतली पोकळी बारीक चिप्यांनी भरली. ओंजळीने. मला ते करताना माहीत होतं. वर टोपीचे दगड उभे बसवले, एकमेकांना दाटून, शेवटचा पाचरीसारखा हातोड्याने ठोकला, आणि भिंत पुरी झाली. शेतकरी ट्रॅक्टरवरून आला, त्याने फळ्या सोडल्या, भिंतीवर दोन्ही हातांनी जोर देऊन पाहिला आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला जो आनंद झाला तसा ऑफिसात कधी झालेला नाही.

त्यानंतर मी महिन्यातून एका रविवारी स्वयंसेवकांच्या गटाबरोबर जायला लागले. उन्हाळ्यात मॅलमकडे, शरदात स्किप्टनच्या जवळ, एम्बसे आणि रिलस्टनच्या बाजूला. तिथला दगड निराळा. स्किप्टनहून उत्तरेला जाताना एका विशिष्ट टप्प्यापर्यंत भिंती काळपट तपकिरी असतात आणि मग पांढुरक्या होतात. खालचा खडक बदलतो तिथे भिंत बदलते, कारण दगड लांबून कुणी आणत नसे. शेतातून वेचलेला किंवा जवळच्या खाणीतला. काळपट तो ग्रिटस्टोन, वाळूचा कडक खडक. त्याला थर असतात, म्हणून दगड पाटासारखे सपाट निघतात आणि भिंत ओळीत चढते. पण पॉलिशपेपरसारखा खरखरीत. नवे हातमोजे दोन रविवारांत फाटतात. चुनखडीला थर असे हाती लागत नाहीत. ती गुळाच्या ढेपेसारखी वाटेल तशी फुटते, ओली झाली की साबणासारखी निसटते, आणि तिचा कुठलाच दगड दुसऱ्यासारखा नसतो. गटातले बहुतेक जण ग्रिटस्टोनला पसंती देतात. मला चुनखडीच आवडते. जांभ्यालाही अंगची ओळ नसते.

त्या कामात भिंतींमधल्या जागाही कळल्या. मेंढ्यांनी एका कुरणातून दुसऱ्यात जावं म्हणून तळाशी ठेवलेलं चौकोनी भोक, सशांसाठी आणि पाण्यासाठी ठेवलेलं त्याहून लहान भोक, ज्याला ‘स्मूट’ म्हणतात. भर काढताना एकदा रेन पक्ष्याचं जुनं घरटं मिळालं, मुठीएवढं, शेवाळाचं. ते आम्ही पलीकडच्या भिंतीच्या फटीत ठेवलं, जरी पक्षी काही त्याला परत येणार नव्हता.

डाव्या टोकाचं मात्र मनातून जाईना. जानेवारीत सलग गोठणारे आठ-दहा दिवस आले. रोज रात्री जमीन फुगायची, दुपारी बसायची. फेब्रुवारी संपताना मी बसने निघाले आणि चालत त्या कुरणाशी गेले. लांबून भिंत शाबूत होती. जवळ जाऊन दगडाला गाल लावला, एक डोळा मिटला. डावीकडे, वरच्या तिसऱ्या भागात, भिंतीला पोट आलं होतं. फार नाही, दोन बोटं.

शेतकऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, दहा वर्षं काही होणार नाही, राहू दे. शिक्षकांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “तिथे काय केलंस ते तुला माहीत आहे ना? मग काय करायचं तेही माहीत आहे.”

पुढच्या शनिवारी एकटीच गेले. हातोडा, दोरी, दोन पिना, बादली. टोपीचे दगड काढून लांब मांडले. वरचा थर काढला, दुसरा काढला. खाली भर दिसायला हवी होती, तिथे काळोख होता. चिप्या सगळ्या खाली घरंगळून बसल्या होत्या आणि वर दोन अंगांच्या मधे नुसती पोकळी. दोन्ही अंगं उभी होती ती केवळ एकमेकांवर कललेली म्हणून. मी हातमोजा काढून हात आत घातला.

अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे दुपार होती, मागे आंब्याच्या झाडाखाली कुणीतरी पालापाचोळा ओढत होतं. फोन भिंतीवर तिरका धरून मी त्यांना आत दाखवलं.

“हात किती खोल जातो?”

“कोपरापर्यंत.”

“मग वरून टाकून भागणार नाही गो. चांगली भर लागेपर्यंत खाली जा.”

“थ्रूपर्यंत जावं लागेल, अण्णा. अर्धी भिंत निघेल.”

“निघू दे. पाऊस आहे का तिकडे?”

“नाही. ऊन आहे.”

“मग झालं तर. फोन असा ठेव की मला दिसेल.”

मी फोन समोरच्या टोपीच्या दगडांच्या रांगेत उभा टेकवला, पिना काढल्या आणि दोरी खालच्या थराला बांधली.